प्रतिध्वनीतील दोन स्त्रिया

१८४२ साली प्राग येथे ख्रिस्तियान डॉप्लर यांनी जोडताऱ्यांच्या रंगांविषयी निबंध वाचला. रंगांबद्दलचा त्यांचा तर्क चुकला. परंतु गतीमुळे लहरींची वारंवारता बदलते, हे तत्त्व टिकले. आज त्यावरूनच रक्तप्रवाहाचा वेग कळतो. ग्लासगोत इयान डोनाल्ड यांनी धातूतील भेगा शोधणारे यंत्र रोगनिदानाकडे वळवले. त्यांच्या १९५८ च्या लेखात असाध्य कर्करोग झाल्याचे मानली गेलेली एक स्त्री आहे. प्रतिध्वनीने बीजांडकोशातील द्रवाची गाठ दाखवली आणि शस्त्रक्रियेने ती वाचली. भारतात मात्र याच प्रतिध्वनीत आपण गर्भातील मुलगी शोधली, नाकारली. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा त्याची साक्ष आहे. सोनोग्राफीचा इतिहास लिहिताना वाचलेली ती स्त्री आणि न जन्मलेली ही मुलगी, दोघींची नोंद एकाच पानावर हवी, असे आम्हांला वाटते.