चूक नेमकी कोठे?

हार्ड डिस्कवरून वाचताना अधूनमधून १ च्या जागी ० वाचला जातो. तरी फाइल बिनचूक मिळते. ही युक्ती हार्ड डिस्कहूनही जुनी आहे.

१९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी रिलेंवर चालणाऱ्या संगणकावर गणिते सोपवून जात. चूक झाल्याचे यंत्राला कळे; पण ती सुधारायला कोणी हजर नसल्याने ते गणित सोडून देई. लागोपाठ दोनदा काम वाया गेल्यावर हॅमिंग वैतागले. चूक झाली हे यंत्राला कळते, तर कोठे झाली हे का कळू नये?

त्यांचे उत्तर १९५० साली प्रसिद्ध झाले. ते आपण फळ्यावर पाहू. एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळे काढली की सात भाग होतात. सामाईक चार भागांत माहितीचे अंक (० किंवा १) लिहू. प्रत्येक वर्तुळातील १ ची संख्या सम होईल असे अंक बाहेरच्या तीन भागांत भरू. आता कोणताही एक अंक बदला. ज्या वर्तुळांत संख्या विषम झाली, नेमक्या त्यांच्यातच असलेला भाग चुकीचा!

दोन अंक चुकले तर ही युक्ती फसते. म्हणून हार्ड डिस्कसाठी अधिक समर्थ संकेत वापरतात. त्यांनाही मर्यादा आहेच. तेव्हा महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत आपण ठेवावीच.