गावच्या रेडिओची कुळकथा

सुपा नगर-पुणे रस्त्यावर, नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात. गावातल्या आजच्या पोरांना रेडिओ म्हणजे गाडीतली गाणी. पण या जिल्ह्यात रेडिओचा एक वेगळा वंश आहे, आणि तो गाण्यापासून नव्हे, शेतीपासून सुरू होतो.

अमेरिकेतही तसंच झालं. शिकागोचं डब्ल्यूएलएस केंद्र १९२४ साली सिअर्स या व्यापारी कंपनीनं काढलं ते शेतकरी गिऱ्हाइकावर डोळा ठेवून. बाजारभावाच्या जोडीला शनिवारी रात्री खेड्यातली फिडलवरची गाणी लावली, आणि कंट्री संगीतानं रेडिओवर मूळ धरलं.

आपल्याकडं १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळं उभी केली. कल्पना कॅनडाची, पाठबळ युनेस्कोचं. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम. पंधरा-वीस माणसं सेटभोवती जमायची, ऐकायची आणि मग रेडिओ बंद करून भांडायची. कुणीतरी टिपण काढून पुण्याला धाडायचं. शंकांना पुढच्या कार्यक्रमात उत्तर. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल नॉयराथ यांनी त्याची पाहणी केली. मंडळ असलेल्या गावांत माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारशी नाही. माझ्या मते या सगळ्या कथेतला हाच कळीचा निष्कर्ष: गावाला रेडिओनं शिकवलं त्यापेक्षा रेडिओनंतरच्या गप्पांनी जास्त शिकवलं. १९५९मध्ये ही मंडळं देशभर नेली गेली. मग ट्रान्झिस्टर घरोघरी आला आणि गाव पुन्हा एकेकटं ऐकू लागलं.

माईक गावाच्या हाती यायला क्रिकेट लागलं, हे विशेष. सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. पीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सामुदायिक रेडिओचे परवाने आधी शिक्षणसंस्थांना मिळाले. २००६पासून स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ची. शेतीच्या सल्ल्यासोबत ओव्या, लोकगीतं तिथं माणदेशाच्याच गळ्यातून येतात. नगरला स्नेहालयाचं रेडिओ नगर, ९०.४.

पण या केंद्रांची ताकद सहसा शंभर वॉटपर्यंतच. आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. नगरपासून सुपा तिसेक किलोमीटर, म्हणजे पल्ल्याबाहेर. सुप्याच्या भजनी मंडळांना आपलं केंद्र हवं असेल तर परवाना एकट्यादुकट्याला मिळत नाही. नोंदणी होऊन काही वर्षं झालेली संस्था लागते, आणि निम्मा कार्यक्रम गावातच तयार व्हावा लागतो. भजनी मंडळं असताना या निम्म्याची काळजी सुप्याला पडू नये. अडेल ते संस्थेपाशी.