रुडबेकिया

अमेरिकेतल्या भाचीने अंगणातल्या फुलांचे फोटो पाठवले आहेत. पिवळ्याधमक पाकळ्या, मधे काळपट बोंड. नाव रुडबेकिया. "मामा, याला काही करावं लागत नाही," असं ती लिहिते. खरं आहे. भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन मिळाली की झालं. थंडीत वरचं सगळं वाळतं, मुळं जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. तीन-चार वर्षांनी गड्डा फोडून वेगळा लावायचा. माझं लक्ष मात्र नावाकडे गेलं.

झाड उत्तर अमेरिकेचं, नाव स्वीडनमधलं. उप्साला विद्यापीठात थोरल्या ओलोफ रुडबेकांनी १६५५ साली वनस्पतींची बाग उभी केली. पुढे बापलेकांनी मिळून झाडांचा प्रचंड सचित्र ग्रंथ करायला घेतला. चित्रांसाठी लाकडी ठसे कोरून घेतले, तेही हजारोंनी! मे १७०२ मध्ये उप्सालाला मोठी आग लागली आणि बहुतेक ठसे जळाले. धाकटे रुडबेक १६९५ साली लॅपलंडला जाऊन आले होते, तिथली बरीच टिपणंही गेली. थोरले त्याच वर्षी वारले. बागेलाही अवकळा आली.

१७३० साली धाकटे रुडबेक सत्तरीचे होते (म्हणजे माझ्याच वयोगटातले). कार्ल लिनिअस हा तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा, खिसा रिकामा असलेला विद्यार्थी. म्हाताऱ्याने त्याला बागेत शिकवण्याचं आपलं काम दिलं, घरात ठेवून घेतलं आणि मुलांची शिकवणीही दिली. मुलं किती? चोवीस! शिकवायची अर्थात धाकटी तेवढी. आपला विद्यार्थी वर्गात आपल्या जागी उभा करायला मन मोठं लागतं, हे आम्हा मास्तर लोकांना विचारा. लॅपलंडच्या ओढीने १७३२ साली लिनिअसही तिकडे गेला.

झाडांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत पुढे याच लिनिअसने रूढ केली. गुरूंच्या नावासाठी त्याने मुद्दाम उंच वाढणारं, खूप फांद्या-फुलांचं झाड निवडलं आणि त्याचं कारणही लिहून ठेवलं. उंची गुरूंच्या थोरवीची, बहर त्यांच्या कामाचा. यात थोडी खुशामत आहेच, रुडबेक तेव्हा हयात होते. पण ज्यांचा ग्रंथ जळाला त्यांना याहून चांगलं काय देणार?

रुडबेक १७४० साली गेले. पुढच्या दोन-एक वर्षांत ती बाग लिनिअसच्या हाती आली. त्याने ती नव्याने आखली. उप्सालात ती आजही पाहता येते.