नायकाचं नाव कोणी घेत नाही

मे १९८६मध्ये जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. युजी होरी यांचा हा रोल-प्लेइंग गेम ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये मावत होता. जागा इतकी अपुरी की काताकाना लिपीतली वीसेक अक्षरंच घेतली होती. राजा बोलतो, दुकानदार बोलतात. नायकाकडे मात्र दोनच शब्द, हो आणि नाही. सोडवलेली राजकन्या विचारते, मला किल्ल्यात नेशील ना? ‘नाही’ म्हटलं तर ‘हो’ येईपर्यंत ती तेच विचारत राहते. शेवटी खलनायक अर्धं जग देऊ करतो, तिथे ‘हो’ म्हटलं की खेळ आटोपतो.

हे मौन केवळ जागेच्या टंचाईतून आलं असं मला वाटत नाही. जपानी क्रियापदाला लिंग नसतं, पण ‘ओरे’, ‘बोकु’, ‘वाताशी’ यांतला कुठलाही ‘मी’ निवडला की बोलणाऱ्याचा स्वभाव उघडा पडतो. नायकाच्या जागी खेळणाऱ्याने स्वतःला पाहायचं, तर त्याने गप्प राहिलेलं बरं. २०१७मधल्या अकराव्या भागातही तो गप्पच होता, तेव्हा जागेची अडचण कुठे होती? चित्रं खऱ्यासारखी झाल्यावर नुसता उभा राहणारा नायक बावळट दिसतो, हे मात्र होरींनीही अलीकडे मान्य केलं आहे.

आवाज आल्यावर वेगळीच पंचाईत झाली. २००१चा ‘फायनल फँटसी १०’ हा त्या मालिकेतला पहिला बोलका खेळ. त्याचा नायक टिडस भरपूर बोलतो. पण त्याचं नाव खेळणाऱ्याला बदलता येतं, त्यामुळे ध्वनिमुद्रित संवादांत त्याला कोणीच नावाने हाक मारत नाही, त्याच्यावर जीव जडलेली युनासुद्धा. मराठी वाचकाला याचं फारसं नवल वाटू नये. नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतं घेऊन एरवी ‘अहो, ऐकलंत का’वर संसार निभावलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत.

‘मास इफेक्ट’ने २००७मध्ये आडनाव कायम ठेवून वाट काढली: नाव काहीही ठेवा, सगळे शेपर्डच म्हणतात. २०१५च्या ‘फॉलआउट ४’मध्ये घरकाम करणाऱ्या यंत्रमानवासाठी नऊशेहून अधिक नावं ध्वनिमुद्रित केली होती. पण नायक बोलू लागला आणि उत्तरं चार त्रोटक पर्यायांवर आली. निवडलं एक, तोंडातून निघालं भलतंच, ही तक्रार बरीच झाली. त्याच स्टुडिओच्या २०२३च्या ‘स्टारफील्ड’मध्ये नायक पुन्हा मुका आहे.

अनुवादक म्हणून माझं लक्ष या मुक्या नायकाच्या लिखित उत्तरांकडे जातं. बंगालीत क्रियापद लिंग सांगत नाही, तिथे तो सुखरूप. हिंदीत ‘जाऊँगा’ की ‘जाऊँगी’ हे आधी ठरवावं लागतं. मराठीत ‘आलो-आले’, ‘जातो-जाते’ आडवे येतात, भविष्यकाळ तेवढा दयाळू: मी जाईन. एकदा हौसेने एका खेळातले काही इंग्रजी संवाद मराठीत आणताना मी नायकाची सगळी उत्तरं भविष्यकाळात ढकलली. भाचीने वाचून विचारलं, “मावशी, हा नुसता जाईन-करीन म्हणतो. जाणार कधी?”

‘हा’ तर मी कुठेच लिहिलं नव्हतं.