वाळ्याची ताटी ते कूलर : नागपूरच्या उन्हाळ्याचा घरगुती इतिहास

उष्णतेच्या लाटेचा विचार अलीकडे प्रामुख्याने हवामानशास्त्र व प्रशासन यांच्या अंगाने केला जातो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस वा अधिक असून ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असल्यास, अथवा ४५ अंशांवर पोहोचल्यास, भारतीय हवामान विभाग लाट मानतो. तथापि या व्याख्येच्या कितीतरी आधीपासून नागपुरातील कुटुंबे वैशाखाशी झुंजत होती. त्या झुंजीत कष्ट कोणाचे खर्ची पडले, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात उपेक्षितच राहिला.

वाळ्याच्या ताटीचे श्रेय अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराला दिले आहे. दरबारी लेखकाने प्रत्येक युक्ती बादशहाच्या नावे मांडावी, यात नवल नाही. कोरडी तप्त हवा ओल्या मुळ्यांतून वाहताना पाण्याचे बाष्पीभवन होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. विदर्भाच्या शुष्क हवेत म्हणूनच ताटी गुणकारी ठरते; मुंबईच्या दमट हवेत तिचा उपयोग बेताचाच.

ब्रिटिश अमलात साहेबांच्या बंगल्यांतील ताट्यांवर पाणी शिंपडण्यास आणि पंखा ओढण्यास नोकर असत. ओल्या वाळ्यातून हवा खेचणारे, हाताने फिरवावयाचे ‘थर्मँटिडोट’ हे यंत्रही एकोणिसाव्या शतकात प्रचारात आले. आजच्या कूलरचे तत्त्व तेच. केवळ हाताच्या जागी वीज आली. १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालेल्या नागपुरातून सरकार उन्हाळ्यात पचमढीस जाई. पंखेवाल्याला पचमढी नव्हती.

सामान्य घरात नोकर नसे. ताटी ओली ठेवणे, माठ भरणे, पन्ह्यासाठी कैऱ्या उकडणे ही कामे मुख्यत्वे स्त्रियांकडेच येत, आणि त्याच वेळी चूलही पेटती असे. उन्हापासून घराला वाचवणारी व्यक्ती अशा रीतीने घरातील सर्वांत उष्ण जागी उभी राही. पन्ह्यातील मीठ व गूळ घामावाटे गेलेल्या क्षारांची आणि पाण्याची काही अंशी भरपाई करतात. खिशातील कांद्याने उष्माघात टळतो, या समजुतीला मात्र शास्त्रीय आधार नाही. रुग्ण असंबद्ध बोलू लागला वा त्याची शुद्ध हरपली, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. अंगावर पाणी घालून, वारा देऊन त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा साकारला. पुढे नागपुरानेही तो मार्ग स्वीकारला. अशा आराखड्यांतील सूचना उपयुक्त आहेत, परंतु दुपारी घरात थांबण्याचा सल्ला पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यास कितपत मानवेल, याचा विचार त्यांत अपुराच दिसतो. वाड्याची जाड भिंत दिवसाचे ऊन उशिरा आत येऊ देई. पत्रा ते तत्काळ आत पोहोचवतो.

कूलरने ताटी भिजवण्याचे श्रम वाचवले. पाणी भरण्याचे वाचवले नाहीत. टंचाईच्या दिवसांत टाकीत ओतावयाची प्रत्येक बादली पिण्याच्या पाण्याशी स्पर्धा करते. मृगाच्या सरी येताच कूलर बंद पडतो आणि टाकीतील पाणी तसेच राहते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तेथेच अंडी घालतो. ती कोरड्या टाकीतही कित्येक महिने तग धरत असल्याने नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. टाकीच्या कडा घासाव्या लागतात. हे कामही बहुधा त्याच हातांकडे येते.