पेर यॉन्सनच्या नावाचा रस्ता

पोलंडमध्ये तोरुन नावाचे शहर आहे. कोपर्निकस १४७३ मध्ये इथेच जन्मला. याच शहरात २००९ मध्ये 'मोटोअरेना' नावाचे क्रीडांगण सुरू झाले. मोटारसायकल शर्यतींसाठी बांधलेल्या या क्रीडांगणाच्या रस्त्याला पेर यॉन्सन या स्वीडिश खेळाडूचे नाव आहे. माणूस परदेशी, तोही हयात असताना! आपल्याकडे रस्त्यावर पाटी लागायला आधी माणसाला जावे लागते. म्हणून मला त्याची हकीकत जाणून घ्यावीशी वाटली.

खेळ स्पीडवेचा. मी कवी माणूस, यंत्रातले मला फार कळत नाही. पण एक गोष्ट वाचून थबकलो. या मोटारसायकलला ब्रेकच नसतो. ५०० सीसीचे इंजिन, एकच गिअर. लंबगोल मार्गावर चौघेजण चार फेऱ्या मारतात. सगळा खेळ साधारण एका मिनिटाचा. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवायचे आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीला टेकवत तोल राखायचा. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला शून्य.

पेरचा जन्म १९६६ चा. इंग्लंडमध्ये तो रेडिंगच्या संघाकडून खेळे. १९७४ मध्ये आंदर्स मिखानेक जगज्जेता झाला, त्यानंतर सोळा वर्षे स्वीडनला हा मान मिळाला नव्हता. १९९० ची अंतिम स्पर्धा इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला झाली. खेळाडू सोळा, प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती. शेवटी पेर आणि अमेरिकेचा शॉन मोरन यांचे गुण सारखेच भरले, १३. मग दोघांची जादा शर्यत झाली आणि ती पेरने जिंकली. वय अवघे चोवीस.

चार वर्षांनी, जून १९९४ मध्ये, तो तोरुनच्या संघाकडून बिदगोश्चला खेळायला गेला. शेजारची ही दोन शहरे म्हणजे हाडाचे प्रतिस्पर्धी. त्या सामन्यात पेर पडला. पाठीच्या कण्याला इजा झाली, पाय कायमचे गेले. अठ्ठाविसाव्या वर्षी कारकीर्द संपली. त्याच ऑगस्टमध्ये डेन्मार्कमध्ये स्वीडनचाच टोनी रिकार्डसन जगज्जेता झाला. एका दिवसात जगज्जेता ठरवणारी ती शेवटची स्पर्धा. १९९५ पासून ग्रां प्री मालिका आली. खेळ कुणासाठी थांबत नाही.

थांबायचे असते ते आपण, टाळ्या वाजवणाऱ्यांनी. वेगासाठी आपण तिकीट काढतो, पडलेल्या माणसाला उचलून नेले की पुढच्या शर्यतीकडे पाहू लागतो. यॉन्सनने जगज्जेतेपद काही तोरुनसाठी मिळवले नव्हते. पण तो पडला तेव्हा त्याच्या अंगावर तोरुनचे रंग होते, हे त्या शहराने ध्यानात ठेवले. पाटी लावल्याने पाय परत येत नाहीत, हे खरेच. तरी तिथल्या शर्यतीला जाणाऱ्याने पत्ता विचारला, की आधी पेर यॉन्सनचे नाव घ्यावे लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)