रंगपत्रकाचा इतिहास

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी मध्यंतरी नवी मोटार घेण्याचे ठरले. गाडी चार दारांची, मागच्या बाकावर मुलांना आणि आजींना ऐसपैस बसता येईल अशी. पण इंजिन जरा दांडगे, चाके रुंद, बांधा जमिनीलगतचा. संसारही सांभाळायचा आणि वेगाची हौसही भागवायची, अशा दुहेरी इच्छेतून जन्मलेली ही जात. गाडी कोणती घ्यायची यावर एका संध्याकाळी एकमत झाले. रंग कोणता घ्यायचा यावर पंधरा दिवस होईना. दुकानातून आणलेले रंगपत्रक चहाच्या टेबलावर पडून होते. त्यात पांढरा, रुपेरी, करडा, काळा, लाल आणि निळा असे सहा चौकोन होते. स्नेह्यांना निळा हवा होता. वहिनींचे म्हणणे, पांढरा घ्यावा; उन्हात कमी तापतो आणि उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईक लगेच मिळते. दोघांचेही म्हणणे रास्त होते. मला मात्र त्या सहा चौकोनांकडे पाहताना वेगळाच प्रश्न पडला. निवडीचे स्वातंत्र्य म्हणून जे आपल्यापुढे ठेवले जाते, त्याची यादी आधी कोणी केली?

रंगपत्रक हाही एक मजकूरच आहे. तो इतर मजकुरांप्रमाणे वाचता येतो, आणि वाचू लागले की त्यात अनेक जुने हात दिसू लागतात. पहिला हात कारखान्याचा.

हेन्री फोर्डच्या 'मॉडेल टी'बद्दल सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक असते: गिऱ्हाइकाने हवा तो रंग मागावा, मिळणार मात्र काळाच, अशा अर्थाचा त्याचा शेरा. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात फोर्डने हे आपण १९०९ मध्येच जाहीर केले असे म्हटले आहे. वस्तुस्थिती अशी की, १९०८ मध्ये बाजारात आलेली ही गाडी पहिली काही वर्षे लाल, करड्या, हिरव्या रंगांत मिळत होती. केवळ काळा रंग हा नियम १९१४ ते १९२५ या काळातला. म्हणजे लेखकाने नंतरचा नियम आपल्या आरंभकाळात नेऊन ठेवला. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये.

काळाच का, याचेही एक सोपे उत्तर रूढ आहे: काळा लवकर वाळतो म्हणून. या गाडीच्या अभ्यासकांनी ते तपासले तेव्हा वेगळे चित्र दिसले. गाडीच्या निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळ्या घडणीचे काळे लेप वापरले जात. कुठे बुडवून, कुठे ओतून, कुठे भट्टीत भाजून. आणि त्यांचा वाळण्याचा वेळही एक नव्हता. डांबराच्या जातीच्या द्रव्यामुळे हे लेप स्वस्त आणि टिकाऊ होत, आणि त्याच द्रव्यामुळे ते काळेही होत. काळा रंग कोणी आवडीने निवडला नव्हता. स्वस्ताईची ती सावली होती. १९२५ मध्ये या गाडीचा सर्वांत स्वस्त नमुना २६० डॉलरला मिळू लागला, त्यात या काळेपणाचाही वाटा होता. ज्याने कधी घोडागाडीही घेतली नव्हती अशा शेतकऱ्याला मोटार मिळाली, आणि तिच्या रंगाविषयी बोलण्याचा अधिकार त्याने त्या बदल्यात दिला.

आपल्याकडच्या वाचकाला हा सौदा परका वाटू नये. परवान्यांच्या काळात, मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीवर असत. नंबर लागल्याचे पत्र येणे हाच सण. त्यात रंगाचा हट्ट धरण्याचे धैर्य कोणाला?

फोर्डचा काळा पडदा फाटला तो रसायनशास्त्रामुळे. तोवर रंगीत गाडी म्हणजे जवसाच्या तेलावर आधारलेले लेप, ब्रशाने एकावर एक दिलेले थर, आणि प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहणे. चांगल्या गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. ड्यू पाँ कंपनीच्या रसायनज्ञांनी 'ड्यूको' नावाचा नायट्रोसेल्युलोजचा लेप तयार केला. फवाऱ्याने मारायचा, तासांत वाळायचा, आणि त्यात हवा तो रंग मिसळता येई. नायट्रोसेल्युलोज हे द्रव्य युद्धात बिनधुराच्या दारूसाठी आणि शांततेत चित्रपटाच्या फितीसाठी वापरले जाणारे. तोफ, पडदा आणि मोटारीचा तकाकता निळा रंग ही एकाच घरची भावंडे आहेत, ही गोष्ट विसाव्या शतकाविषयी बरेच काही सांगते. जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाडीवर हा लेप दिला. गाडी १९२४ सालची म्हणून १९२३ मध्येच दाखवली गेली, आणि तिचा रंग निळा होता. पुढे १९२७ मध्ये त्याच कंपनीच्या आल्फ्रेड स्लोनने हार्ली अर्लच्या हाताखाली 'कला आणि रंग विभाग' सुरू केला. मोटारीच्या कारखान्यात 'कला' हा शब्द पाटीवर लागला, आणि दरवर्षी गाडी नवी दिसली पाहिजे ही कल्पना रुजली. त्याच वर्षी दीड कोटीहून अधिक गाड्या काढून 'मॉडेल टी' बंद झाली.

इथे एक गफलत टाळली पाहिजे. स्लोनने गिऱ्हाइकाला रंग दिले हे खरे, पण ते स्वातंत्र्य म्हणून नव्हे. गेल्या वर्षीची गाडी जुनी वाटावी म्हणून दिले. फोर्डच्या काळ्या रंगात मालकाची इच्छा नव्हती. स्लोनच्या निळ्यात ती होती, पण तिला दरवर्षी नव्याने असमाधानी ठेवण्याची व्यवस्थाही होती.

रंगपत्रकावरचा दुसरा हात शर्यतीचा. १९०० साली 'न्यू यॉर्क हेरल्ड'चा मालक जेम्स गॉर्डन बेनेट याच्या नावाच्या करंडकासाठी देशादेशांमध्ये मोटारशर्यती सुरू झाल्या. धुरळ्यातून येणारी गाडी कोणत्या देशाची हे ओळखता यावे म्हणून देशांना रंग वाटून दिले गेले: फ्रान्स निळा, जर्मनी पांढरा, बेल्जियम पिवळा, अमेरिका लाल. ब्रिटनला हिरवा आला. १९०३ ची शर्यत ब्रिटनमध्ये रस्त्यांवर घेता येत नव्हती म्हणून ती आयर्लंडमध्ये झाली आणि यजमान भूमीच्या मानाखातर हिरवा पक्का झाला, असे सांगतात. पुढे लाल रंग अमेरिकेकडून सुटला आणि इटलीचा झाला. इतका की आज लाल स्पोर्ट्स कार म्हटली की इटलीच डोळ्यांपुढे येते. चिन्ह आणि अर्थ यांच्यातील नाते यादृच्छिक असते हे सोस्यूरचे सूत्र वर्गात शिकवताना हे उदाहरण वापरून पाहावे. लालात इटालियन असे काही नाही. वापराने ते झाले, आणि एकदा झाल्यावर ते निसर्गसिद्ध वाटू लागले.

जर्मनीच्या पांढऱ्याचे रुपेरी कसे झाले, याची कथा तर अधिक बोधप्रद आहे. १९३४ च्या जूनमध्ये न्यूरबुर्गरिंगवरील शर्यतीच्या आदल्या रात्री मर्सिडीजची गाडी ७५० किलोच्या मर्यादेहून किलोभर जड भरली. तेव्हा पथकप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर याने पांढरा रंग खरवडून काढायला लावला आणि सकाळी उघड्या धातूची रुपेरी गाडी उभी राहिली, ही ती कथा. स्वतः नॉयबाउअरनेच ती पुढे सांगितली. संशोधकांनी तिच्यावर शंका घेतली आहे: ती शर्यत वजनाच्या त्या नियमाखाली नव्हती, आणि जर्मन गाड्या त्याआधीही रुपेरी रंगात धावल्या होत्या. कथा मात्र टिकली, कारण तिच्यात पुराणकथेचे सगळे गुण आहेत: रात्र, संकट, चातुर्य, आणि वेष उतरवल्यावर प्रकट होणारे तेज. या शतकाच्या आरंभी काही वर्षे जगातल्या गाड्यांत रुपेरी हा सर्वाधिक खपाचा रंग होता. तो घेणाऱ्या लाखो गृहस्थांना १९३४ ची ती रात्र माहीत असण्याचे कारण नव्हते. मिथक असेच चालते. आपण त्याला ओळखत नसतो, तरी ते आपल्या दारात उभे असते.

तिसरा हात व्यापाराचा. १९६८ मध्ये लोटस पथकाने ब्रिटनचा हिरवा उतरवला आणि एका सिगारेट कंपनीच्या पाकिटाचे लाल-पांढरे-सोनेरी रंग अंगावर घेतले. देशांनी वापरलेली भिंत जाहिरातदाराला भाड्याने मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच शर्यतीचा वेग कौटुंबिक गाडीत उतरला. १९७६ मध्ये विक्रीला आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही मूळची साधी घरगुती गाडी. तिच्या पुढच्या जाळीभोवती एक बारीक लाल रेघ होती. ती रेघ आणि आतल्या बैठकीचे चौकड्यांचे कापड गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या कंपनीतील स्त्री-अभिकल्पकाचे काम; त्या आधी चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे काढत असत. सगळी गाडी लाल करण्याची गरज नाही, एक रेघ पुरे, हे त्यांनी ओळखले. अल्पाक्षरत्वाचा याहून चांगला धडा कोणता?

आणि मग तो निळा, ज्याच्यासाठी आमचे स्नेही अडून बसले होते. सुबारू हे कृत्तिका नक्षत्राचे जपानी नाव. त्या नावाच्या कंपनीची इम्प्रेझा ही चार दारांची गाडी १९९३ मध्ये रॅलीत उतरली. रॅलीच्या त्या काळच्या नियमांनुसार, धावणारी गाडी जिच्यापासून बनवली ती हजारोंच्या संख्येने तयार करणे भाग होते. त्यामुळे ज्या गाडीने जंगलवाटा तुडवल्या तिचेच भावंड शाळेच्या फाटकाशी उभे राहू लागले. गाडीचा निळा रंग आणि त्यावरचा पिवळा आकडा '५५५' या सिगारेटच्या छापाचे होते. १९९५ मध्ये कॉलिन मॅक्रे जगज्जेता झाला आणि तो निळा एका पिढीच्या मनावर कोरला गेला. सिगारेटच्या जाहिरातींवर बंधने आली, तो आकडा गाडीवरून गेला. २००८ अखेर कंपनीनेही जागतिक रॅली सोडली. निळा उरला, आणि त्या कंपनीच्या रंगपत्रकात रॅलीच्या नावाने स्थिरावला. विडीकाडीला कधी न शिवलेला बाप आपल्या मुलांसाठी तोच निळा मोठ्या प्रेमाने निवडतो. त्याला तंबाखू दिसत नाही; चिखल उडवत वळणावर आडवी झालेली गाडी दिसते. अर्थ हस्तांतरित होता होता मूळ मालक विसरला जातो. भाषेत हे रोज घडते.

राहिला वहिनींचा पांढरा. आज जगभर विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक पांढऱ्या, काळ्या, करड्या किंवा रुपेरी असतात, आणि त्यांत पांढरा आघाडीवर. आपल्या उन्हात त्याला निश्चितच आधार आहे. पण दुसरे कारण, पुढच्या गिऱ्हाइकाचे, जरा थांबून पाहण्यासारखे आहे. हा पुढचा गिऱ्हाईक आपण पाहिलेला नसतो. तो काय मागेल याचा अंदाज आपण बांधतो, आणि तोही आपल्यासारखाच त्याच्या पुढच्याचा अंदाज बांधणार असतो. अशा रीतीने कोणाचाच आवडता नसलेला रंग सर्वांचा होतो. गंमत म्हणजे अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या अलीकडच्या पाहण्यांत किंमत सर्वांत कमी घसरणारा रंग पिवळा निघाला, विरळ म्हणून. पण अंदाजाची सवय पुराव्याने मोडत नाही. फोर्डने निदान काळा आपणहून लादला होता. पांढरा आपण एकमेकांवर लादतो, आणि लादणारा कोणी दिसत नाही म्हणून त्याला व्यवहार म्हणतो.

याचा अर्थ निळा घेणारा मुक्त आणि पांढरा घेणारा बद्ध, असा नाही. निळ्यामागे तंबाखू आहे, रुपेरीमागे दंतकथा आहे, लालामागे वाटून दिलेला झेंडा आहे. निर्मळ, कोणाचाही नसलेला रंग त्या पत्रकात एकही नाही. फरक एवढाच की काही रंग भूतकाळातल्या कोणाची तरी आठवण वाहतात, आणि पांढरा भविष्यातल्या एका अनोळखी माणसाचा संशय. या दोहोंपैकी आपल्या घरापुढे काय उभे करायचे, एवढी निवड मात्र खरी आहे, आणि ती लहान नाही.

स्नेह्यांच्या घरी अखेर वहिनींनीच निकाल दिला. "सात वर्षं गाडी आपण चालवणार, आणि रंग तो ठरवणार?" असे त्या म्हणाल्या आणि निळ्यावर बोट ठेवले. दुकानदाराने सांगितले, पांढरी उद्या नेता येईल, निळीसाठी तीन महिने थांबावे लागेल. रंगीत गाडीसाठी वाट पाहण्याची जुनी रीत अशी परत आली. मागच्या आठवड्यात गाडी आली. आजींनी तिला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, आणि बॉनेटवरचा तो निळा क्षणभर न्याहाळून म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या दाराचा रंग हा."